एकच ढलपी

लोक काय वाट्टेल ते बोलतात. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात म्हणे अजून चर्चा चालू आहे, की ते कवळीवाले म्हातारे भर दुपारी शिंग घेऊन बायकोच्या मागे धावले. धावले, हे खरं. शिंग होतं, हेही खरं. पण मारायला नव्हे हो! आणि मी काही जिवाच्या भीतीने पळत नव्हते. माझ्या हातात, ओव्हनच्या जाड हातमोज्यात गुंडाळलेलं, आमच्या ह्यांच्या आयुष्यातलं पहिलं धड दगडी टोक होतं आणि ते मला ह्यांच्यापासूनच वाचवायचं होतं.

नीट सांगते, म्हणजे शिंप्यालाही कुणीतरी जाऊन सांगा.

आमचे हे आयुष्यभर कवळ्या करत आले. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हे त्यात दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. हात असा बारीक, की गावातले अर्धे म्हातारे आमच्या घरातल्या दातांनी हसायचे. पण एक खोड होती. "झालं" हा शब्द ह्यांच्या तोंडून कधी म्हणून निघाला नाही. कवळी तयार व्हायची, गिऱ्हाईक खुर्चीत बोळकं पसरून बसलेलं असायचं आणि हे म्हणायचे, "थांबा, इथे जरासं अजून घासतो." एका निवृत्त हेडमास्तरांनी तर वैतागून टेबलावरची कवळी हिसकावली, तिथेच तोंडात कोंबली आणि "थँक्यू" म्हणून चालते झाले. तेव्हा मी पोट धरधरून हसले होते. पुढे तीच युक्ती आपल्यालाही करावी लागेल, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

काम सोडलं आणि ह्यांना दगडांनी धरलं. झालं काय, नातेवाइकांना दाखवायला म्हणून संग्रहालयात गेलो होतो. तिथे काचेमागे भाल्याचं एक दगडी टोक होतं. पानाच्या आकाराचं, हातभर नाही पण वीतभर तरी लांब, आणि इतकं पातळ की कडेतून उजेड दिसत होता. माणसाने लोखंड बघायच्याही आधीचं. नातेवाईक जेवून परत आले तरी हे त्या काचेला नाक लावून उभेच. पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला, की म्हातारा उभ्या उभ्या गेला तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बाटली फुटल्याचा आवाज आला. त्यानंतर आमच्या घरात कुठल्याच बाटलीला बूड राहिलं नाही. सरावाला बाटलीचं बूड म्हणे उत्तम. मग फुलदाणी गेली. मग एक दिवस मी संडासात गेले तर वरच्या टाकीचं झाकण गायब! "अहो, झाकण कुठंय?" म्हणून ओरडले, तर हे हसत हसत आले आणि तळहातावर एक पांढरं शुभ्र, चिमुकलं, टोकदार पान ठेवून म्हणाले, "हे बघ! चिनीमाती काय सुंदर फुटते गं!" कपाळ माझं. लेकीला फोन केला तर ती खो-खो हसत सुटली. म्हणाली, "आई, बाकीच्यांचे बाबा टीव्ही बघतात. तुला काय हवंय सांग." मी म्हटलं, "मला झाकण हवंय."

पण खोटं कशाला बोलू? मला ते बघायला आवडायचं. मांडीवर जाड चामडं बांधायचं, त्यावर चकमकीचा दगड धरायचा. आधी गोट्याने मोठमोठ्या ढलप्या उडवायच्या. आकार यायला लागला की गोटा बाजूला ठेवून हरणाचं शिंग घ्यायचं. शिंग जरा मऊ, त्यामुळे घाव दगडात घुसत नाही, कडेवर पसरतो आणि खालच्या बाजूने लांब, पातळ ढलपी सुटते, वाळक्या पानासारखी. प्रत्येक घावाआधी कड खरखरीत दगडावर घासून बोथट करायची. मी म्हटलं, "धार करायचीय आणि बोथट कसली करताय?" तर म्हणाले, "धारदार कड घावाखाली चुरते. बोथट कड घाव झेलते." आणि शेवटी लाकडी मुठीत बसवलेली तांब्याची सळई. ती कडेवर टेकवून नुसती दाबायची. कच्, कच्, कच्, अशा नखाएवढ्या ढलप्या उडतात आणि धार तयार होते. असली धार, की टोमॅटोला कळतही नाही आपण कापले गेलो.

अंगणात बसायची सक्ती माझी. घरात ती धूळ नको आणि ढलप्या नकोत. तोंडाला फडकं बांधायचं, चष्मा लावायचा, आणि चप्पल काढायची नाही म्हणजे नाही. मी स्वयंपाकघरात काम करता करता कान तिकडे लावून असायची. चांगली ढलपी सुटली की "टिण" असा आवाज येतो, काचेच्या पेल्यावर चमचा लागावा तसा. आणि "ढब" आलं की समजावं, आत तडा गेला. ढब ऐकू आलं की मी गॅस बारीक करायची आणि झाडू घ्यायची.

कारण दर वेळी शेवट तोच. टोक तयार व्हायचं. देखणं, नीट, बघत राहावं असं. मी दारातून म्हणायची, "झालं बरं का, आता ठेवा." हे ते उजेडाकडे धरायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "इथे जरासं जाड आहे. एकच ढलपी."

ढब.

खोकेच्या खोके भरलेत आमच्याकडे नुसत्या अर्धुकांनी. टोकाकडची अर्धुकं वेगळी, बुडाकडची वेगळी. एवढ्या वर्षांत एक, अहो एक तरी धड राहावं! तुटल्यावर चिडायचेही नाहीत. दोन तुकडे जुळवून बघायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात गेलं." मला मात्र तिडीक यायची. मी दिवसभर पुटपुटत राहायची आणि रात्री माझ्याच डोळ्यांसमोर ते टोक यायचं, तुटायच्या आधीचं.

मग संग्रहालयातल्या मॅडम घरी आल्या. पोरगीच आहे तशी, आमच्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काका, मुलांसाठी नवीन दालन करतोय. दगडापासून भाल्यापर्यंत सगळे टप्पे मांडायचेत. तुम्ही द्याल का?" ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. अख्खा दगड दिला, गोटा दिला, ढलप्या दिल्या, अर्धवट घडवलेले दगड दिले. तुटकी टोकं तर अशी दिली, की मॅडम शेवटी म्हणाल्या, "बास काका, एवढी नकोत." फक्त शेवटची जागा रिकामी होती. तिथे पाटी लावून तयार होती, 'तयार टोक'. आणि तयार टोक काही आमच्याकडे नव्हतं.

"नाहीच जमलं तर आमच्याकडे प्लॅस्टरचं आहे," मॅडम बिचारी चांगल्या मनाने म्हणाली. "रंगवलंय छान. मुलांना कळणारही नाही."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. प्लॅस्टर! आयुष्यभर प्लॅस्टरचे साचे हाताळलेला माणूस तो. त्याच्या सगळ्या मेहनतीच्या शेवटी, ऐन मोक्याच्या जागी, रंगवलेलं प्लॅस्टर.

आणि त्यातच हाताचं निघालं. उजवा हात थरथरायला लागला होता. हे चहाचा कप डाव्या हाताने घ्यायला लागले, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की थरथर हळूहळू वाढत जाणार.  घरी परतताना फाटकाशी आल्यावर हे म्हणाले, "लेकीने आणलेला दगड काढूया आता."

तो दगड म्हणजे आमच्या घरातलं सोनं. लेक कुठेशी फिरायला गेली होती, तिथून बॅगेत कपड्यांऐवजी चकमकीचा हा धोंडा घेऊन आली. विमानतळावर तिला बाजूला घेऊन विचारलं, हे काय आहे, तर म्हणाली, "बाबांसाठी दगड." तरी सोडलं म्हणे. हे त्यावर बोटाने टिचकी मारायचे आणि ऐकत बसायचे. घंटेसारखा वाजायचा. म्हणून कधी फोडलाच नव्हता.

आधी त्यातून एक जाड फाक काढली आणि ती भाजायला घेतली. हो, भाजायला. दगड वाळूत पुरून मंद आचेवर तापवला आणि मग आपसूक थंड होऊ दिला की चकमक गुळगुळीत होते, ढलपी लोण्यासारखी सुटते. पण घाई केली, गरम असताना दार उघडलं, की आतल्या आत तडकलाच. म्हणजे माझा ओव्हन गेला. मी त्याच्या दाराला चिकटपट्टी लावली आणि समोर खुर्ची टाकून बसले. हे दर थोड्या वेळाने यायचे. "जरासं उघडून बघू?" मी म्हणायची, "हात लावून तर बघा!" शेवटी पार गार झाल्यावर बाहेर काढली. मध लावल्यासारखी चमकत होती फाक. टिचकी मारली तर टिण!

दालन उघडायचं त्याच दिवशी सकाळी हे अंगणात बसले. उजवं कोपर गुडघ्यावर टेकवलं की हात जरा स्थिर राहायचा. हात शांत होईपर्यंत थांबायचं, मग घाव. थांबायचं, घाव. टिण. टिण. मी कांदा चिरायला घेतला होता, तो तसाच राहिला. शिंगाचं काम संपलं, मग तांब्याची सळई. कच्, कच्. दुपार झाली. मी जेवायला बोलवायला बाहेर आले आणि दारातच थांबले.

अगंबाई, काय होतं ते! वीतभर लांब, पानासारखं, दोन्हीकडून सारखं. ह्यांनी वर धरलं तर कडेतून ऊन मधाच्या रंगाचं होऊन येत होतं. डाव्या-उजव्या कडेला बारीक नक्षी. मला रडूच फुटलं.

"झालं!" मी म्हटलं. "अहो, झालं! ठेवा खाली!"

ह्यांनी मान वाकडी केली. ती मान वाकडी झाली आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"इथे बघ," हे म्हणाले. "मधे जरासं कुबड आहे. एकच ढलपी."

"नाही."

"अगं, एकच."

"अहो, हात बघा आपला!"

"हात टेकवतो ना गुडघ्यावर." आणि टोक चामड्यावर ठेवून, शिंग उचलून, हे चष्मा पुसायला लागले.

मला हेडमास्तर आठवले. खिडकीत ओव्हनचा हातमोजा होता. मोजा चढवला, टोक उचललं आणि पळाले.

फाटकापाशी कळलं, की एका पायात माझी चप्पल आहे आणि एका पायात ह्यांची. ह्यांची दोन मापं मोठी. फट्-टप्, फट्-टप् असा आवाज करत मी गल्लीतून धावतेय आणि मागे हे, तोंडाला फडकं, मांडीला बांधलेलं चामडं लोंबतंय, हातात शिंग, आणि ओरडतायत, "अगं थांब! एकच! एकच!" आता बघणाऱ्याने काय समजायचं सांगा! शिंपी मोजपट्टी गळ्यात घेऊन बाहेर आला. "काकू, पोलिसांना बोलावू का?" मी म्हटलं, "नंतर सांगते!" आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं, म्हणून हे सगळं.

मला हसू आवरेना. खरं सांगते, धाप लागलेली, कुशीत कळ आलेली, आणि मी हसतेय. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या मागे कधी धावला नव्हता. मागे वळून बघितलं तर हेही हसत होते, फडक्याआडून.

मोठ्या रस्त्यावर सिग्नल लाल. मी थांबले. काय करणार, नियम म्हणजे नियम. हे धापा टाकत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. हिसकावणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. झटापटीत तुटलं असतं.

"दे," हे म्हणाले.

"देत नाही."

"कुबड आहे गं त्याला."

"असू दे. तुम्हालाही आहे."

शेजारी सायकल घेऊन उभ्या असलेल्या बाईने एकदा शिंगाकडे पाहिलं, एकदा हातमोज्याकडे, आणि सायकल जरा लांब नेली.

"मोज्याच्या शिवणीतून धार बाहेर आलीय," हे म्हणाले. "हात कापशील. मघापासून तेच ओरडतोय मी."

"तुम्ही 'एकच' ओरडत होता."

"ते मधूनमधून."

सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही पुन्हा पळालो.

संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्याने मला सोडलं आणि ह्यांना अडवलं. शिंग आत न्यायला परवानगी नाही! ते तिथे टेबलावर जमा करायला लावलं, टोकन दिलं. मला वाटलं, जिंकले. दालनात मॅडम उभ्या होत्या, बाहेर शाळेची मुलं रांगेत कलकलत होती. आणि 'तयार टोक' पाटीखाली ते रंगवलेलं प्लॅस्टर बसलं होतं, ऐटीत.

"काकू?" मॅडम म्हणाल्या. माझा अवतार बघून त्यांची बोबडीच वळली.

"काढा ते प्लॅस्टर!"

त्यांनी काच उघडली, प्लॅस्टर बाहेर काढलं. मी मोज्यातून टोक काढून वरच्या दिव्याखाली धरलं. मॅडम प्लॅस्टर हातात धरून बघतच राहिल्या. हे मागे येऊन उभे राहिले होते. आणि मी ते जागेवर ठेवणार, एवढ्यात दिवा तिरपा पडला आणि मला दिसलं. मधोमध. जरासं. खरंच होतं कुबड. आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना! एवढं सुंदर पान आणि मधे तो उंचवटा. माझं बोट आपोआप तिथे गेलं. कड कुठून बोथट करायची, घाव कुठून आला की ढलपी बरोबर त्याच्यावरून जाईल, तेसुद्धा मला दिसलं.

"अहो," मी म्हटलं, "हे इथे... एकच ढलपी काढली तर?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

ह्यांनी टोक माझ्या हातातून घेतलं. उजवा हात थरथरत होता, म्हणून डाव्यात घेतलं. शिंग दारात होतं, पण तांब्याची सळई खिशात होती की! उजवा हात खिशात गेला.  हे सगळं माझ्यामुळे. एवढं पळवून आणलं आणि शेवटी मीच!

ह्यांनी मान वाकडी केली. बराच वेळ बघितलं. मग मान सरळ केली.

"नको," हे म्हणाले. "झालं."

मला वाटलं माझ्या कानांनाच काहीतरी झालंय. "काय म्हणालात?"

"झालं म्हटलं."

"हात ऐकत नाही म्हणून म्हणताय का?" मी विचारलं. 

"हात ऐकत नाहीच. पण ते म्हणून नाही. झालंय, म्हणून म्हणतोय." आणि स्वतःच्या हाताने, कोपर काचेच्या पेटीवर टेकवून, त्यांनी ते टोक पाटीखाली ठेवलं. मॅडमनी काच लावली, कुलूप लावलं. मुलं आत घुसली. सगळ्यात पुढच्या मुलीने काचेला नाक लावलं आणि ती तिथून हलेना. हे तिच्याकडे बघत उभे राहिले आणि डोळे पुसायला लागले, ते तोंडावरच्या फडक्यानेच. मग शिंकले, कारण फडक्यावर धूळ होती.

घरी परत येताना आम्ही सावकाश आलो. शिंग टोकन देऊन सोडवून आणलं. शिंप्याचं दुकान दुपारचं बंद होतं, नाहीतर तेव्हाच सांगितलं असतं. फाटकाशी आल्यावर हे थांबले. खिशातून तांब्याची सळई काढून माझ्या हातात दिली.

"हे मला कशाला?" मी म्हटलं.

"तुला कुबड दिसलं ना?"

"दिसलं."

"आणि घाव कुठून घालायचा तेही?"

मी सळई हातात धरून पाहिली. मूठ लाकडाची होती, ह्यांच्या हाताने गुळगुळीत झालेली.

"दगड अजून बराच उरलाय," हे म्हणाले. "आधी बाटल्यांवर सराव कर. मी आतून ऐकतो."

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात बसायला लागले. चामडं माझ्या मांडीवर, फडकं माझ्या तोंडाला. हे आत डाव्या हाताने चहा करतात, सांडतात, पुसतात आणि कान माझ्याकडे लावून बसतात. परवा हिरव्या बाटलीच्या बुडातून एक टोक निघत आलं, अंगठ्याएवढं, पण काय सांगू, पाचूच. दारातून ह्यांनी बघितलं.

"झालं बरं का," हे म्हणाले. "आता ठेव."

मी ते उजेडाकडे धरलं. बुडाशी जरासं जाड होतं.

"एकच," मी म्हटलं.

ह्यांनी गॅस बारीक केला, आणि आतून झाडू काढल्याचा आवाज आला.